बाबांच्या कबरीपर्यंत आलेलं पाणी

एडिनबरात थंडी पडली की खोबरेल गोठतं. आज सकाळी बाटली रेडिएटरवर ठेवली, वास सुटला आणि लोसा आठवली. स्टुडंट फ्लॅटमधली माझी मैत्रीण, पॅसिफिकमधल्या तुवालू नावाच्या इवल्याशा बेटदेशातली. डोक्याला खोबरेल लावणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून बाटलीही दोघींत एक.

तिचं बेट इतकं चिंचोळं होतं, की रात्री कुठल्याही कुशीवर वळलं तरी समुद्रच ऐकू यायचा. संध्याकाळी पोरं विमानाच्या धावपट्टीवर फुटबॉल खेळायची. तिथल्या रीतीप्रमाणे तिच्या बाबांची कबर घराच्या दारातच होती. आई ती रोज झाडायची आणि शेजारी बसून त्यांना दिवसभरातलं सगळं सांगायची.

एकदा लोसा माझ्या केसांना तेल लावत असताना घरून फोन आला. बोलून झाल्यावर म्हणाली, "भरतीचं पाणी बाबांपर्यंत आलंय. आई तिथून उठायलाच तयार नाही."

तिला धीर द्यायचा म्हणून मी म्हटलं, "अगं, आम्ही तर आमच्या माणसांच्या अस्थी स्वतःच पाण्यात सोडतो."

माझ्या केसांतली तिची बोटं थांबली. "तुम्ही सोडता गं," ती हळूच म्हणाली. "आमच्याकडून समुद्र नेतोय."

तेव्हा मला त्यातला फरक फारसा कळला नव्हता.

गेल्या महिन्यात भावानं हरिहरेश्वरला आईच्या अस्थी सोडल्या. मी इथून व्हिडिओ कॉलवर बघत होते. गुरुजी म्हणाले, "आता सोडा." भाऊ वाकला, आणि स्वयंपाकघरात एकटीच उभी असलेली मी ओरडले, "अरे, थांब ना जरा!"