आमसुली साडीचा परतावा

आई दुपारची झोपून उठली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "माझी आमसुली साडी कुठे गं ठेवलीस?"

ती साडी मी लहान असताना बाबांनी तिला घेतली होती. दोघं मंडईतून भाजी घेऊन परत येत होती, वाटेत दुकानात टांगलेली दिसली आणि घेतली, इतकं सहज. वाळलेल्या आमसुलाचा तो रंग, लाल म्हणावा तर जांभळा आणि जांभळा म्हणावा तर काळपट. पुढे ती विरली, तिची गोधडी झाली आणि मग गोधडीही संपली. हे मी आईला रोज सांगे. ती "हो का?" म्हणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारी. वयामुळे व्हायचंच असं, असं डॉक्टर म्हणाले होते. मला भीतीही वाटायची आणि चिडचिडही व्हायची, दोन्ही एकदमच.

अशाच एका दुपारी आई पलंगावर आणि मी खाली चटईवर पडले होते. पडदे ओढलेले होते, खोलीत पिवळसर अंधार होता. डोळे मिटत असताना मी मोबाईल उगाच वर-खाली सरकवत होते आणि ती साडी समोर आली. तोच रंग, तसेच बारीक काठ. मला चक्क बाबांच्या पिशवीतल्या ओल्या मेथीचा वास आला. जागेपणी कुणी अशी खरेदी करत नाही. मी पैसे भरले आणि अगदी समाधानाने झोपून गेले.

चार-पाच दिवसांनी साडी आली. पुडकं फोडलं तर आत टोमॅटोचं सार. रेशीम म्हणून लिहिलं होतं, हात फिरवला की चरचर आवाज येत होता. मी ती गॅलरीत नेली, उन्हात धरली, सावलीत धरली, डोळे किलकिले करून पाहिली. कुठूनतरी तो रंग उगवेल असं मला खरंच वाटत होतं.

नाही उगवला तेव्हा मात्र मी जागी झाले. जन्म पुण्यात गेलाय, तक्रार कशी लिहायची हे मला कुणी शिकवायला नको. "आपण पाठवलेल्या वस्तूचा साडीशी नेमका संबंध काय, ते कळवावे," असं मी लिहिलं. त्यावर "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत" असं उत्तर आलं. मी पुन्हा लिहिलं, ते पुन्हा दिलगीर झाले. शेवटी डब्यातलं एक आमसूल काढून साडीच्या पदरावर ठेवलं आणि फोटो पाठवला. आमसूल म्हणजे काय हे तिकडे कुणाला ठाऊक होतं देव जाणे, पण ते नमले. माणूस येऊन साडी घेऊन जाईल, न वापरलेली असली की पैसे खात्यात परत.

मला पैसे हवे होतेच, फुकट का सोडायचे? पण त्याहून जास्त, ती साडी घरातून जायला हवी होती. आईने हा भडक रंग पाहिला तर तिच्या डोळ्यांपुढची खरी आमसुलीसुद्धा पुसली जाईल, या धास्तीने मी ती तिला दाखवलीच नव्हती. माझ्या कपाटात, चादरींच्या खाली ठेवली होती.

साडी न्यायला आला तो पन्नाशीचा गृहस्थ होता, लोणीकडचा असावा. त्याने साडी उलगडली, पदर पाहिला आणि थांबला.

"ताई, डाग हाय."

पदराच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. आमच्या घरी नवं कापड कुंकू लावल्याशिवाय अंगाला लागत नाही, आणि एकदा लावलं की ते घरचं झालं. मी अंघोळीला गेले असताना आईने माझं कपाट उघडलं होतं तर!

"डाग नाही, कुंकू आहे ते."

"मला कळतंय वो. मोबाईलला कळत नाय. वल्या फडक्यानं पुसून आणा, थांबतो मी."

मी स्वयंपाकघरात जाऊन फडकं ओलं करून आणलं. बाहेर आले तर आई खोलीच्या दारात उभी होती.

"पुसू नकोस," ती म्हणाली.

"आई, ही तुझी आमसुली नाहीये गं."

"ते दिसतंय मला. हा काय रंग आहे?" ती चौकट धरून जरा सावरली. "मला कुठे नेसायचीय? ती तुला द्यायची राहून गेली. रोज विचारते तर म्हणतेस, संपली. मग तुझ्या कपाटात ही दिसली. म्हटलं, हिला तरी लावून ठेवावं."

फडक्यातलं पाणी फरशीवर ठिबकत होतं. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. त्या गृहस्थाने साडी जमेल तशी घडी करून माझ्या हातात दिली. "राहू द्या ताई," म्हणाला आणि जिना उतरला.

थोड्या वेळाने मोबाईलवर विचारणा आली, परतावा रद्द करण्याचं कारण निवडा. मी 'वस्तू आवडली' यावर बोट ठेवलं.

संध्याकाळी साडी नेसून आईसमोर उभी राहिले. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "भयंकर दिसतेयस," म्हणाली, आणि पदराचा कोपरा हातात घेऊन कितीतरी वेळ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपलेच नाही. पडदे ओढून, चटईवर पडून तिच्या प्रश्नाची वाट पाहत होते. आई उठली, केस सारखे केले, आणि तिने चहा मागितला.