तुमच्यातला कोण उठला?

राहनाळला गोदामाची भिंत पडली आणि त्यात तिचा मुलगा गेला. चौकशी समिती भिवंडीतल्या आमच्याच कार्यालयात बसायची, म्हणून ती रोज तिथे यायची. कोणी सांगितलेलं नसतानाही दाराबाहेर चपला काढायची आणि पदराचं टोक मुठीत धरून माझ्या टेबलासमोर उभी राहायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

"भाऊ, माझं कवा ऐकनार?"

"मावशी, चौकशी गोपनीय आहे. मला काही सांगता येत नाही."

ते खरंच होतं. पण ज्या विभागाने त्या गोदामाला परवानगी दिली, त्याच विभागाची माणसं समितीच्या मदतीला दिली होती. त्यात मीही होतो. विरोधी पक्ष त्यावरून सभेत ओरडत होता. साहेब म्हणायचे, "माणसंच कमी आहेत, दुसरी आणायची कुठून?" मला दोघांचंही पटायचं.

एके दिवशी तिने समितीच्या बंद दाराकडे हनुवटीने खूण केली.

"आमच्या गावकीत न्याय देवळासमोर, उघड्यावर व्हतो. ज्याच्या घरचं भांडन, तो पंच असला तरी उठून बाजूला बसतो. तुमच्यातला कोन उठला, भाऊ?"

मी उठलो. कशासाठी, ते माझं मलाच कळलं नाही. तिला वाटलं, मी तिला खुर्ची देतोय.

"बसा, बसा," ती म्हणाली. "मला बसायचं न्हाय."

मी परत बसलो. अजून तिथेच बसतो.