म्युरिएलला ठाऊक नसलेली किल्ली

माझी बहीण म्युरिएल आयुष्यभर एकच खोटं बोलत आली, आणि तेही कायद्याने तिच्याकडून वदवून घेतलं. तिचा नवरा क्लिफर्ड ऑर्मरॉड. इंग्लंडमधल्या बेकप गावच्या सपातांच्या कारखान्यात तो माझ्या शेजारी चामडं कापायचा. त्याला नाद एकच, पहिल्या महायुद्धातल्या लष्करी पिस्तुलांचा. मलाही होता, पण त्याच्याइतका नाही. एखादं पिस्तूल हाती आलं की ते कोणत्या पलटणीत होतं, मुठीवरचा ओरखडा कशाचा, हे शोधण्यात तो महिनोन्‌महिने घालवायचा.

मग स्कॉटलंडमधल्या एका शाळेत एका माणसाने पिस्तुलांनी लहान मुलं मारली आणि सरकारने देशभरातली पिस्तुलं जमा करून घेतली. माझी गेली. त्या लेकरांचे फोटो पाहिल्यावर तक्रार करायला माझी जीभ रेटली नाही. क्लिफची तीन तेवढी वाचली. ती फार जुनी, त्यांच्या गोळ्याही आता सहज मिळत नाहीत, म्हणून परवान्यावर घरात ठेवायची मुभा मिळाली. अटी मात्र कडक. घरात एकही गोळी नको. पोलादी कपाट भिंतीत बसवलेलं हवं. आणि त्या कपाटाची किल्ली कुठे असते ते परवाना ज्याच्या नावावर आहे त्याच्याशिवाय कोणालाही, अगदी बायकोलाही, कळता कामा नये. गंमत म्हणजे त्याच्याच शेकोटीवर टांगलेल्या, त्यांहूनही जुन्या, चकमकीच्या ठिणगीवर उडणाऱ्या पिस्तुलाला यातलं काहीच लागत नव्हतं. कायद्याच्या लेखी ती शोभेची वस्तू.

रविवारी जेवण झालं की क्लिफ म्हणायचा, "म्युरिएल, चहा टाक." म्हणजे बाहेर हो. ती स्वयंपाकघरात गेली, दार लागलं, की मगच कपाट उघडायचं. परवाना नवा करायची वेळ आली की पोलिसांकडून कोणीतरी यायचं आणि तिला विचारायचं, "किल्ली कुठे असते, ठाऊक आहे?" ती म्हणायची, "नाही बाबा."

ठाऊक होतं तिला. ज्यावर सपाता चढवून शिवतात तो लाकडी पाय, कारखान्यातला जुना फर्मा, त्यांच्या खिडकीत असायचा. क्लिफने तो आतून पोखरून त्यात किल्ली ठेवली होती. पहिल्याच वर्षी धूळ पुसताना म्युरिएलच्या हातात तो खुळखुळला. तेव्हापासून ती फर्मा उचलतच नसे, कडेकडेने फडकं फिरवायची. तिने मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "मग सांग की त्याला. जागा बदलेल."

"वेडा आहेस का तू? घरातली एक तरी गोष्ट मला कळलेली नाही असं वाटतं त्याला. राहू दे की तेवढं."

गेल्या दोन वर्षांत क्लिफ विसरायला लागला. आधी नावं, मग चष्मा, मग घराचा रस्ता. त्यातच परवाना संपत आला आणि जॅनिस पिल्किंग्टन नावाची तरुण अधिकारी तपासणीला आली. म्युरिएलने मटण-बटाट्याची पाई केली होती, म्हणून मीही तिथेच होतो.

"कपाट उघडता का, मिस्टर ऑर्मरॉड? पिस्तुलांवरचे नंबर बघायचेत," जॅनिस म्हणाली.

क्लिफ उठला. कोटाचे खिसे पाहिले, घड्याळामागे पाहिलं, साखरेच्या डब्यात हात घातला. "इथेच असते," म्हणाला, आणि पुन्हा तेच खिसे चाचपायला लागला.

मला म्युरिएलकडे बघवेना. ती बोलली तर परवाना गेला, कारण तिला ठाऊक असायलाच नको. गप्प बसली तरी गेलाच, आणि वर परक्या मुलीसमोर नवऱ्याची ही अशी शोभा. मला त्या कायद्याचा संताप आला. "कोणीतरी घेतली," क्लिफ म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

म्युरिएल उठली. "क्लिफ, अनवाणी काय फिरतोस? पाय गारठले असतील. सपाता घाल. त्या बघ, खिडकीपाशी, तुझ्या फर्म्याखाली."

तो गेला. सपाता घालताना तोल सावरायला त्याने फर्म्यावर हात टेकला, फर्मा हलला आणि आत खुळखुळलं. क्लिफ थबकला. मग हळूच हसला.

"म्युरिएल," तो म्हणाला, "चहा टाक."

जॅनिसने तिन्ही नंबर तपासले. निघताना ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली. क्लिफ बाहेरच्या खोलीत आपल्या खुर्चीत बसला होता, खूष होता. "मला विचारावं लागतं," ती हळू आवाजात म्हणाली. "किल्ली कुठे असते, ठाऊक आहे तुम्हाला?"

म्युरिएलने फडक्याला हात पुसले.

"आहे. पहिल्यापासून," ती म्हणाली. "पोरी, ती पिस्तुलं घेऊन जायची व्यवस्था कर. आज किल्ली विसरला, उद्या कपाट उघडं टाकेल. फक्त त्याच्या डोळ्यांदेखत नको."

पिस्तुलं पलटणीच्या संग्रहालयात गेली. त्या दुपारी मी क्लिफला कालव्यावर बदकं दाखवायला नेलं होतं. तो सगळा वेळ पिस्तुलांबद्दलच बोलत होता, आणि मला रडू आवरत नव्हतं.

रिकामं कपाट अजून भिंतीत आहे, कुलूप लावलेलं. किल्ली फर्म्यात आहे, पण क्लिफला ती आठवत नाही. म्युरिएलला आता कोणी अधिकारी येऊन काही विचारत नाही. रविवारी जेवण झालं की क्लिफच विचारतो.

"किल्ली कुठे असते, तुला ठाऊक नाही ना?"

"नाही रे," म्युरिएल म्हणते.

"मग काळजी नाही. सुरक्षित आहेत," तो म्हणतो, आणि चहा पितो.