तिसऱ्यांदा विचारायची लाज

आजोबांचं बोलणं कोणी मध्येच तोडलं की ते हात वर करायचे आणि म्हणायचे, "मी अजून ओव्हर म्हटलेलं नाही." बावीस वर्षं त्यांनी सैन्यात वायरलेस सांभाळला. निवृत्तीच्या दिवशी बाकी सगळं सामान मोजून परत करावं लागलं, हा शब्द तेवढा ते घरी घेऊन आले. "चहा होईल का? ओव्हर." "चष्मा सापडत नाही. ओव्हर." आजी म्हणायची, "डोक्यावर आहे. आणि माझं ओव्हर लग्नाच्या वर्षीच झालंय."

ओव्हर म्हणजे माझं बोलून झालं, आता तुम्ही बोला. आउट म्हणजे बोलणंच संपलं. सिनेमातली माणसं दोन्ही एकदम म्हणतात, त्याचा आजोबांना मनस्वी राग. "'या, बसा, चालते व्हा' असं कोणी म्हणतं का?" घरात ते स्वतः कधीच आउट म्हणाले नाहीत. "तो अधिकार वरच्या केंद्राचा," असं म्हणून आजीकडे बोट दाखवायचे. त्यामुळे आजीने कंटाळून "आउट!" म्हटल्याखेरीज त्यांचं एकही भांडण रीतसर मिटलं नाही.

पुढे त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. एक टेबल, पाठ उघडून ठेवलेले पाच-सहा रेडिओ आणि गप्पांना बसायला एक मोडका स्टूल. शेजारचा शिंपी त्यांना ओव्हरसाहेब म्हणायचा. एकदा त्याने विचारलं, "साहेब, शत्रू किती मारलेत?"

"एकही नाही. पण मेजरसाहेबांची रजा चुकून स्वयंपाक्याला कळवली. तो गेलाही. आठवडाभर अख्खी तुकडी उपाशी. शत्रूला एवढं कधी जमलं नव्हतं."

हसण्यावारी न नेलेली गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही रेडिओच्या पोटात डोकं घालून. पुढच्या चौकीवरून निरोप येत होता: चौघं परत येताहेत, त्यांना घ्यायला माणसं पाठवा. डाव्या वाटेवर की उजव्या, ते खरखरीत बुडालं. आजोबांनी दोनदा विचारलं. "तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. म्हटलं, समजलं." माणसं डाव्या वाटेवर जाऊन थांबली. उजव्या वाटेने तिघं आले.

"नाही समजलं तर नाही समजलं म्हणायचं," ते म्हणाले. "जीभ झिजत नाही." आणि माझ्याकडे बारका पेचकस मागितला.

एक्याऐंशीव्या वर्षी झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. शब्दांच्या एवढ्या मोठ्या पसाऱ्यातून एकच शिल्लक राहिला. डॉक्टर पहिल्यांदा तपासायला आले तेव्हा आजोबांनी ओठ खूप हलवले, घशातून काही आवाज काढले आणि स्पष्ट म्हणाले, "ओव्हर." डॉक्टरांना वाटलं क्रिकेट. "आजोबांना सगळं कळतंय," जाताना ते म्हणाले, "फक्त शब्द सापडत नाहीत." हे त्यांनी धीर देण्यासाठी सांगितलं होतं.

रोज दुपारी चारच्या सुमाराला आजोबा डावा हात उचलून कशाकडे तरी दाखवायचे. खिडकी, कपाट आणि दार एकाच रेषेत होती, त्यामुळे बोटाचा उपयोग नव्हता. तोंडाने धडपडायचे, घामाघूम व्हायचे. मग "ओव्हर," आणि आमच्याकडे बघत राहायचे. आमची पाळी. आम्ही पाणी दिलं. खिडकी उघडली, लावली. सैन्यातली पेटी आणली, जुना फोटो आणला, दुकानाची किल्ली आणली. आत्याने पुठ्ठ्यावर मुळाक्षरं काढली. त्यांचं बोट थरथरत 'क'वर टेकलं आणि घसरलं. आम्ही संध्याकाळपर्यंत कंगव्यापासून काकडीपर्यंत सगळं विचारून पाहिलं. घरात चार शिकलेली माणसं, आणि सगळी हात चोळत उभी.

एके दिवशी आत्याचा धीर सुटला. त्यांचा हात धरून ती रडत म्हणाली, "समजलं, बाबा. सगळं समजलं. तुम्ही आता त्रास नका करून घेऊ."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. दोन दिवस त्यांनी हात उचलला नाही. आत्या म्हणाली, "बघ, शांत वाटतंय ना त्यांना आता?"

तिसऱ्या दिवशी चार वाजता मी खुर्ची भिंतीच्या बाजूला नेली. "आजोबा, आत्या खोटं बोलली. आम्हाला काहीही समजलेलं नाही. पुन्हा सांगा. ओव्हर."

डावी भुवई वर गेली. शिंप्याला ऐकवताना जायची तशी. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

मग ते रोज सांगत राहिले आणि मी रोज "पुन्हा सांगा" म्हणत राहिले. अकरा दिवस. लाज मी बाजूला ठेवली होती, पण तिच्याऐवजी अक्कल काही आली नाही. बाराव्या दुपारी "ओव्हर" अगदी हळू आलं. मी म्हटलं, "नाही समजलं, पुन्हा सांगा." तिकडून काही आलं नाही. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं.

डॉक्टर येऊन वेळ लिहून गेले. आजी पलंगाशी बसली होती.

"शेवटचं काय म्हणाले?"

"ओव्हर."

"म्हणजे आपण बोलायचं."

"हो. आणि संपवायचं तर तूच म्हणायचंस, आजी."

"मला नको शिकवूस. मला ठाऊक आहे," ती म्हणाली. पदराने तिने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला, त्यांचा चष्मा काढून मिटून ठेवला आणि तशीच बसून राहिली. आउट म्हणाली नाही.