धुऱ्याचं तोंड

माझ्या कानांना गेली दोन वर्षं सुट्टी नाही. मी पोळ्या लाटत असते, वह्या तपासत असते, देवापुढे हात जोडून उभी असते, पण कान बाहेर रस्त्यावर असतात. मोटरसायकल असली तर वरच्या वळणापासूनच आवाज येतो. टिप्पर असला तर आधी मांडणीतली ताटं वाजतात. नवी कार आली तर काहीच ऐकू येत नाही, नुसता वारा जातो, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्या वाऱ्याची वाटते. काहीही आलं की मी हातातलं टाकून दाराशी जाते आणि बाबा कुठं आहेत ते बघते.

बाबा ऐंशीच्या पुढचे. उजवा कान पार गेलेला, डावा त्यांच्या मर्जीने चालतो. समोरच्या घरात त्यांचा लहानपणापासूनचा मित्र राहतो, त्यांना मी काका म्हणते. दोघांची शेती लागून. धानाच्या शेताला आमच्याकडे बांधी म्हणतात आणि तिच्या कडेच्या मातीच्या बांधाला धुरा. या दोघांच्या बांध्यांमध्ये एकच धुरा आहे, आणि गावात दोघांच्या घरांमध्ये एकच रस्ता. सकाळी चहा झाला की बाबा तो ओलांडून काकांच्या ओट्यावर जातात, दुपारी जेवायला परत येतात, उन्हं कलली की पुन्हा जातात. तिथं बसून दोघं काय बोलतात म्हणाल तर काही नाही. पण त्यांना जाऊ दिलं नाही तर बाबा दोन दिवसांत आजारी पडतील, हे मला माहीत आहे.

आणि ते रस्ता ओलांडताना बघत नाहीत. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. रस्ता आपला आहे, तेव्हा थांबायचं असेल तर गाडीनं थांबावं, असा त्यांचा न्याय. गंमत म्हणजे हा रस्ता त्यांनीच मागून मागून आणला. तो रुंद व्हावा म्हणून स्वतःचं अंगण दोन हात मागे घेतलं. पूर्वी इथं चिखल होता, बैलगाडी अडकायची. मग सिमेंटचा गुळगुळीत रस्ता झाला, बाबांनी नारळ फोडला. पुढे मोठ्या रस्त्यावरच्या पुलाचं काम निघालं आणि साऱ्या जगाला आमची गल्ली सापडली. पुलाचं काम संपलं तरी गाड्यांची सवय काही गेली नाही. मोबाइलमधली बाईसुद्धा आता आमच्या दारावरूनच वळायला सांगते.

एका सकाळी एक पिकअप इतकी जवळून गेली की बाबांच्या पायातली चप्पल तिच्या चाकाखाली आली. बाबा वाचले. चालक थांबलाही नाही. मी धावत गेले तर बाबा रस्त्याच्या मधोमध उभे राहून चपटी झालेली चप्पल न्याहाळत होते.

"नवी होती ना बापा," ते म्हणाले.

मी त्यांना ओढतच घरात आणलं. घाबरले की मला राग येतो. मी त्यांच्यावर ओरडले, काकांवर ओरडले, गेलेल्या पिकअपवर ओरडले. त्याच दिवशी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. गतिरोधक हवा, असं शुद्ध भाषेत लिहिलं. तिथल्या बाबूने विचारलं, "म्हणजे ब्रेकर पाहिजे काय, मॅडम?" म्हटलं, हो, तेच. तो म्हणाला, ठराव घ्यावा लागेल, मग वर पाठवावा लागेल. तो वर गेला की काय झालं कोण जाणे, खाली काही आलं नाही. मी भिंतीवर लाल रंगात 'गाडी हळू चालवा' लिहिलं. वाचण्याइतकं हळू कोणी गेलं असेल असं वाटत नाही.

खरं सांगायचं तर मीही काही कमी नाही. मी कोंढा गावाच्या बाजूला एका शाळेत शिकवते, रोज स्कूटीने जाते, आणि प्रार्थना चुकेल म्हणून वाटेतली गावं मी कधी हळू ओलांडली नाहीत. चप्पल प्रकरणानंतर आठच दिवसांनी एका गावात अंगण सारवत असलेल्या बाईने माझ्याकडे बघून हाक मारली, "ओ मॅडम, घरी कोणी मरून राह्यलं काय?" मी थांबले नाही. पण दिवसभर शिकवण्यात लक्ष लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या गावात शिरताना मी स्कूटी हळू करू लागले, आणि शाळेत दोनदा उशिरा पोचून बोलणी खाल्ली.

मग धान निघालं. कापणी-मळणी झाली की आमच्या गल्लीत अर्ध्या रस्त्यावर धान वाळत पडतं. प्रत्येकाच्या दारासमोर पिवळा पट्टा, कडेला दगड मांडलेले. त्या दिवसांत गाड्या आपोआप हळू झाल्या. धानावरून गाडी घातली तर काय होईल ते चालकांनाही माहीत असतं, कारण तेही धानवाल्यांचीच पोरं. ते आठ दिवस मी निवांत जेवले. धान पोत्यात भरायची वेळ आली तेव्हा मी बाबांना म्हटलं, "अजून चार दिवस राहू द्या ना पसरून."

"वाळलं ना. आता कायले?"

"गाड्या हळू जातात म्हणून."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "धान का शोसाठी पिकवतो काय आपण?" असं म्हणून ते पोतं घेऊन बसले. पण गोष्ट त्यांच्या डोक्यात राहिली. संध्याकाळी काकांच्या ओट्यावरून परत आले ते एकदम ठरवूनच. "ब्रेकर-बिकर जाऊ दे. रस्त्यात धुरा टाकून टाकू."

पुढचा रविवार मी विसरणार नाही. गल्लीतल्या कोणी मुरूम आणला, कोणी घर बांधून उरलेली गिट्टी, कोणी सिमेंट. बाबा मधोमध उभे. धुरा घालण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या पट्ट्यात कोणी नव्हता. पावसाळा गेला तरी त्यांच्या बांधीतलं पाणी हलत नसे, असं लोक अजून सांगतात. तिथं त्यांना बहिरेपण आठवलं नाही, वय आठवलं नाही. इकडून चोपा, तिकडून दाबा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत न्या, मधे भेग ठेवू नका. काका पाणी मारत होते. मी सगळ्यांना चहा देत होते आणि मनातून नाचत होते. आमच्या दोन्ही घरांच्या जरासा खाली, उतारावर, तो धुरा झाला. वीतभर उंच, दोन्ही बाजूंनी उभट. पहिली गाडी आली ती ब्रेक दाबून उभीच राहिली. चालकाने उतरून धुऱ्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि गाडी तिरपी करून हळूच पलीकडे नेली. गल्लीने टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री मी गाढ झोपले. त्या झोपेची किंमत मला पुढे कळायची होती.

महिनाभराने अवकाळी पाऊस आला. दुपारची वेळ, मी शाळेतून नुकतीच आलेली. अर्धा तास पडला असेल, पण धो धो. वरच्या वळणावरून गल्लीचं सगळं पाणी खाली आलं आणि धुऱ्यापाशी थांबलं. जाणार कुठं? भिंतीपासून भिंतीपर्यंत बंद. आमचं घर उंचावर, काकांचं सखल. बघता बघता पाणी त्यांच्या ओट्यावर चढलं, उंबरा ओलांडून पडवीत गेलं. तिथं त्यांच्या धानाची पोती रचलेली होती. काका आणि त्यांची सून खालची पोती ओढू लागले. मी साडी खोचून धावले.

आणि बाबा बाहेर आले. त्यांनी साचलेलं पाणी पाहिलं, धुरा पाहिला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला आजही आठवून कसंतरी होतं. ते मोठ्यानं म्हणाले, "पाह्यलं? थेंब नाही गळला!"

काकांच्या खांद्यावर तेव्हा भिजलेलं पोतं होतं. त्यांनी ते खाली ठेवलं. "माह्या घराची बांधी केली तुनं," ते म्हणाले, "आन वरून हासून राह्यला." मग ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

बाबांना ते ऐकू आलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी घरी येऊन त्यांच्या डाव्या कानात सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पाणी तं त्यानंच मारलं होतं ना सिमेंटवर. त्याले नाही कळलं काय?" चूक कळली होती, पण ती आपली म्हणायला जीभ वळेना. बांधीच्या धुऱ्यालासुद्धा जास्तीचं पाणी काढून द्यायला एक तोंड ठेवतात. साठ वर्षं धुरे घातलेल्या माणसाने रस्त्यावरच्या धुऱ्याला तोंड ठेवलं नाही, आणि आम्हा कोणालाच ते सुचलं नाही. पाणी अडवणं हेच आम्हाला पुण्य वाटतं.

दुसऱ्या दिवशी बाबा रस्ता ओलांडून गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. काकांची खालची पोती उन्हात टाकली होती, काही धानाला मोड आले होते. बाबा आमच्या ओट्यावर बसायचे, काका त्यांच्या ओट्यावर. मधून गाड्या जायच्या, अगदी हळू, शहाण्यासारख्या. एखादं रांगतं पोर रस्ता ओलांडेल इतका तो सुरक्षित झाला होता आणि ओलांडायला कोणी नव्हतं. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच गेलं. मी तो धुरा सब्बलीने, म्हणजे पहारीने, फोडायला दोनदा निघाले आणि दोनदा चप्पल आठवून परत आले. बाबांचं जेवण कमी झालं. मी उगीच चिडायची, वर्गात पोरांवर, घरी भांड्यांवर. काकांकडे जाऊन माफी मागितली तर ते म्हणाले, "तुह्यावर राग नाही, पोरी." म्हणजे ज्याच्यावर होता त्याच्यावर तो होताच.

असे उरलेल्या हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे महिने गेले. जून जवळ आला, लोक परसातली लाकडं झाकू लागले, आणि एका सकाळी काका हातात सब्बल घेऊन धुऱ्यापाशी येऊन उभे राहिले. मी दारातून बघत होते. वाटलं, फोडतात आता. पण ते नुसते उभे होते. मग त्यांनी आमच्या ओट्याकडे तोंड करून हाक दिली.

"तोंड पाडू का बे?"

शेतात हा रिवाज आहे. दुसऱ्याच्या धुऱ्याला न विचारता कोणी हात लावत नाही. त्यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ कोर्टात गेलेत. ज्याला पाणी सोडायचं असतं तो धुऱ्यावर उभा राहून विचारतो आणि ज्याचा धुरा आहे तो 'पाड' म्हणतो. काकांनी पुन्हा विचारलं. बाबा हलले नाहीत. मला वाटलं, मुद्दाम करतात. मी तणतणत त्यांच्यापाशी गेले आणि डाव्या कानात ओरडले, "बाबा, काका विचारून राह्यले, तोंड पाडू का?"

बाबा ताडकन उठले. ओट्यावरून उतरले आणि डावीकडे न बघता, उजवीकडे न बघता थेट रस्त्यात शिरले. खालून एक टेम्पो येत होता. टेम्पो धुऱ्यापाशी थांबला आणि बाबा त्याच्यासमोरून निघून गेले.

"तिथं नाही बे," ते काकांना म्हणाले. "ढाळ तुह्या भिंतीकडं हाये. इकडून पाड."

"मले शिकवतं काय? माह्या घरात घुसलं होतं पाणी."

"म्हणून तं सांगून राह्यलो."

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. दोघांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने पुन्हा वाजवला नाही. काकांच्या भिंतीलगत हातभर रुंदीचं तोंड पडलं. त्या दुपारी बाबा तिकडेच जेवले.

माझं सुख मात्र एका दिवसाचं. दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवाल्यांना ते तोंड सापडलं. धुऱ्यावर चढायचं कशाला, भिंतीलगतच्या फटीतून सरळ जाता येतं. गाडी वळणावरून यायची ती नेम धरून त्या फटीत घुसायची, पूर्वीपेक्षा जोरात, आणि अगदी काकांच्या ओट्याला घासून. म्हणजे बाबा जिथं रस्ता संपवून पाय टाकतात नेमक्या त्याच जागेवर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी काठी घेऊन उभी राहिले, शिव्या दिल्या, दोघा पोरांना अडवून त्यांच्या आयांची नावं विचारली. पण शाळा सोडून किती दिवस उभी राहणार? शाळेत गेले तरी कान घरीच. फोन वाजला की खडू टाकून धावायची.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर गल्लीत गाड्यांची रांग होती. त्या तोंडावर आडवी खाट टाकलेली होती आणि खाटेवर बाबा आणि काका बसले होते, पाय खाली सोडून, पानाचा डबा मधे ठेवून. मोटरसायकली मुकाट्याने मधल्या धुऱ्यावरून चढून उतरत होत्या. एकाने "आबा, सरका ना" म्हटलं तर काकांनी त्याला पान विचारलं.

मी स्कूटी तिथंच टाकली. "बाबा, रस्त्यात कायले बसता? एखादी गाडी अंगावर आली म्हणजे?"

बाबांनी डावा कान पुढे केला. मी पुन्हा ओरडून विचारलं.

"तोंडापाशी माणूस बसवाच लागते, पोरी," ते म्हणाले. "दोन वर्षांपासून तू नाही बसत काय दारात? मले दिसते ना."

मला वाटत होतं त्यांना ठाऊकच नाही. तेवढ्यात वरच्या वळणावर मोटरसायकल वाजली. मी तशीच वळले आणि हात आडवे करून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले.