दादूंच्या पुस्तकातल्या कमळी

जयवंत साकीनाक्याला एका गाळ्याच्या माळ्यावर बसून संगणकावर पुस्तकांची पानं लावायचा. अहवाल, स्मरणिका, कवितासंग्रह, सगळं त्याच्या हातून जायचं. वाचायचा मात्र क्वचित. मढच्या दादू कोळ्यांचं पुस्तक तेवढं त्याने वाचलं.

दादूंनी आयुष्यभर मासेमारी केली आणि म्हातारपणी आपल्या कोळीवाड्यातल्या माणसांवर लिहिलं. कोण कुठल्या वादळात परतलं नाही, कोणाची होडी कोणी वाचवली, असं सगळं. त्यांची एकच अट होती. "मागं नावांची सूची टाक रे जयवंता. आमची माणसं अख्खं पुस्तक नाय वाचणार. आपलं नाव शोधतील, तेवढंच पान उघडतील."

जयवंतने मजकुरातल्या एकेका नावाला खूण केली. खुणा झाल्या की सॉफ्टवेअर नावं गोळा करून पुढे पानांचे आकडे टाकतं. पण बटण दाबलं तर क्रमाची पार वाट लागलेली. फॉन्ट जुना, त्यातली मराठी अक्षरं मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली, म्हणून 'सर्वेश' आधी आणि 'अनंत' भलतीकडेच. ते त्याने हाताने नीट लावलं. लावता लावता 'कमळ' लागली. नाव एकच आणि पुढे आकड्यांची ही लांब रांग.

त्याने ती पानं उघडली. एक कमळ बाजारात मासे विकत होती. एक लहानपणीच तापाने गेली होती. एक नवरा बुडाल्यावर घरात जाळी विणायला बसली. बाकीच्या कोण, कळेना. सगळ्यांचंच आडनाव कोळी, म्हणून दादूंनी ते कुठे लिहिलंच नव्हतं. सॉफ्टवेअरच्या लेखी नाव एक म्हणजे बाई एक.

त्याने फोन लावला. दादूंच्या सुनेने, हेमांगीने उचलला.

"काका, बाबांना लकव्याचा झटका आला. परवाच घरी आणलंय. बोलता येत नाही त्यांना."

जयवंत वेसाव्याहून तरीच्या बोटीत बसून मढला गेला. दादू खाटेवर होते. त्यांनी डाव्या हाताने त्याचं मनगट घट्ट धरलं, सोडेचनात. त्याने कमळ आलेले उतारे एकेक करून मोठ्याने वाचले. "ही कुठली कमळ, दादू?"

दादूंच्या तोंडून नुसतं "त... त..." आलं.

उशाशी त्यांची बायको सुंदराबाई होती. "मासळीवाली ती आमच्या शेजारची," ती म्हणाली. "तापानं गेली ती ह्यांची भयीन. पन बाकीच्या मना नाय सांगता येत. तांडेलाच्या घरची का धोंड्याच्या घरची, ह्यांनाच ठाव."

हेमांगी वाकली. "बाबा, नुसती मान हलवा. ती जाळी विणणारी, तांडेलाची?"

दादूंनी नाही म्हणून मान हलवली.

"मग धोंड्याची?"

तीच मान, तशीच.

जयवंतला शंका आली. "दादू, मी जयवंत ना?"

त्याचं मनगट हातात धरूनच दादूंनी पुन्हा नाही म्हणून मान हलवली. मग त्यांचं त्यांनाच ते कळलं असावं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सुंदराबाईने पदराने ते टिपलं आणि जयवंतने कागद गुंडाळून ठेवले.

गाळ्याचा मालक नंदकिशोर वैतागला होता. "नारळी पौर्णिमेला प्रकाशन आहे यार. काढून टाक ना ती सूची, किंवा आहे तशी जाऊ दे."

काढायला जयवंतचं मन होईना. ओळख पटलेल्या दोघी त्याने वेगळ्या केल्या. उरलेल्या सगळ्या एकाच ओळीत राहिल्या. फाईल छपाईला गेली.

प्रकाशन गावच्या हॉलमध्ये झालं. बायका पुस्तक हातात घेऊन थेट मागची पानं उघडत होत्या. एक म्हातारी जयवंतजवळ आली. "मी कमळ. माजं पान कुठलं रं?"

त्याने ओळीतला पहिला आकडा पाहिला, पान उघडलं, वाचून दाखवलं.

"ही मी नाय."

त्याने दुसरं उघडलं.

"ही बी नाय. ही तर कधीच मेली."

समोर खुर्चीत बसवलेले दादू हे बघत होते. त्यांनी उठायची धडपड केली, घशातून तोच आवाज काढला. माना वळल्या. सुंदराबाईने त्यांचा खांदा दाबून त्यांना खाली बसवलं. "बसा ओ, बसा."

म्हातारीने दादूंकडे पाहिलं, मग जयवंतकडे. "बोल ना रं, कुठलं?"

जयवंतने तिसरं पान उघडलं.