गाडी थांबलीच नाही

कुहीपुढच्या एका गावात मी शाळेत शिकवत होते, तेव्हा तिथलं छोट्या लाइनचं स्टेशन बंद झालं. नागपूरहून गाडी यायची, पण थांबायची नाही. महिनाभरानं कामठीला बाबा गेले. मला न्यायला चुलतभाऊ त्याच गाडीनं निघाला. स्टेशन बंद झाल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. पुढच्या स्टेशनावर उतरून तो रुळांवरून चालत मागे आला.

“काका गेले वं, ताई. गाडी थांबलीच नाही,” तो म्हणाला.

मी त्याला पाणी दिलं, रजेची चिठ्ठी लिहिली. सडकेवर जाऊन आम्ही बस धरली. कामठीला पोचलो, तेव्हा माणसं घाटावरून परतली होती. मोठ्या भावानं अग्नी दिला होता. रडू येईल म्हणून मी वाट बघत बसून राहिले, पण ते आलं नाही. शेजारणीनं पिठलं-भात आणला, तो मी खाल्ला.